मदत हवी आहे: नऊ चौरसांच्या सुती पॅचवर्क ब्लॉकची मापे आणि कोपरे जुळत नाहीत

नमस्कार,

सुती कापडाचे तुकडे जोडून एक लहान गोधडी शिवायला घेतली आहे आणि तिच्यासाठी नऊ चौरसांचा साधा ब्लॉक निवडला आहे. प्रत्येक ब्लॉकमध्ये पाच गडद आणि चार फिके चौरस एकाआड एक येतात. शिवून झाल्यावर प्रत्येक चौरस ४ इंचांचा दिसावा, यासाठी चारही बाजूंना पाव इंच माया (शिलाईत जाणारी जादा कड) धरून तुकडे ४.५ इंचांचे कापले आहेत. या हिशेबाने तीन तुकड्यांची ओळ शिवल्यावर १२.५ इंच भरायला हवी. प्रत्यक्षात बहुतेक ब्लॉक १२.२५ इंचांच्या आसपास येतात आणि एकाच ब्लॉकच्या समोरासमोरच्या बाजूंमध्येही कधी कधी एका सुताचा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचा, फरक पडतो. मधल्या चौरसाचे चार कोपरे तर बहुधा जुळतच नाहीत, आणि नजर नेमकी तिथेच जात असल्यामुळे ही गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते.

कापण्याची पद्धत अशी आहे: जाड पुठ्ठ्याचा ४.५ इंचांचा साचा कापडावर ठेवून पेन्सिलीने आखायचे आणि कात्रीने कापायचे. मशिन साधे घरगुती आहे. कापडाची कड प्रेशर फूटच्या (सुईजवळ कापड दाबून धरणाऱ्या पट्टीच्या) उजव्या कडेला लावून शिवते, कारण ते अंतर पाव इंच असते असे अनेक ठिकाणी वाचले आहे. इस्त्री करताना सगळ्या शिलाया एकाच बाजूला वळवते. कापडांपैकी काही नवीन आणि न धुतलेली आहेत, तर काही जुन्या, मऊ पडलेल्या कपड्यांतून काढलेली आहेत.

मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. मापातील घट कापण्यामुळे होते की शिवण्यामुळे, हे खात्रीने कसे ओळखावे? नवे आणि जुने सुती कापड एकाच ब्लॉकमध्ये वापरावे का? आणि जे ब्लॉक तयार झाले आहेत, ते उसवावेत की कडा छाटून एकसारखे करून घ्यावेत?

प्रतिसाद

आपण मापे इतकी स्पष्ट दिली आहेत की घटीचा माग काढता येतो. तीन तुकड्यांच्या ओळीत दोन शिलाया असतात आणि त्या मिळून चार माया खातात. पाव इंचाची घट चार मायांत वाटली, तर प्रत्येक माया अर्ध्या सुताने मोठी पडत आहे. अनेक घरगुती मशिनच्या प्रेशर फूटची कड सुईपासून पाव इंचाहून थोडी लांब असते, त्यामुळे माझा पहिला संशय तिच्यावरच आहे. पट्टीवर सुई टेकवून हे अंतर एकदा मोजून पाहावे.

खात्री करून घेण्यासाठी एक चाचणी आहे. १.५ इंच रुंदीच्या तीन पट्ट्या अचूक कापून लांबीच्या दिशेने जोडाव्यात, इस्त्री करावी आणि मापावे. एकूण रुंदी ३.५ इंच आणि मधली पट्टी नेमकी १ इंच भरली, तर आपली माया बरोबर आहे. मधली पट्टी १ इंचाहून कमी भरली, तर माया जास्त जात आहे. इथे एक बारकावा लक्षात घ्यावा. शिलाई वळवल्यावर कापडाच्या घडीत एक-दोन धाग्यांइतके माप जाते, म्हणून माया अगदी पाव इंच न धरता त्याहून केसभर कमी धरावी लागते. योग्य अंतर एकदा सापडले की सुईखालच्या धातूच्या पट्टीवर, कापडाची कड जिथून जायला हवी तिथे, जाड चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावावेत आणि प्रेशर फूटकडे न पाहता कड त्या थरांना लावून शिवावे. सुई उजवीकडे सरकवण्याची सोय मशिनमध्ये असेल, तर प्रेशर फूटची कडही वापरता येते. टाक्याची लांबी २ ते २.५ मिलिमीटर ठेवावी.

समोरासमोरच्या बाजूंतील फरक मात्र मला कापण्यातला वाटतो. साच्याभोवती आखलेली पेन्सिलीची रेघ स्वतःची जाडी घेऊन येते. कधी रेघेच्या आतून आणि कधी बाहेरून कापले की तुकडे लहानमोठे होतात. टोकदार पेन्सिल वापरावी, नेहमी रेघेच्या आतूनच कापावे आणि साच्याच्या खालच्या बाजूला बारीक सँडपेपर चिकटवावा, म्हणजे मऊ कापडावर तो सरकणार नाही. साच्याच्या कडा कापडाच्या उभ्या आणि आडव्या धाग्याला समांतर असाव्यात. उभा धागा फारसा ताणत नाही, आडवा थोडा ताणतो, पण उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी, कापलेली कड हाताळता हाताळताच लांबते. जुन्या कपड्यांतून तुकडे काढताना हे हमखास घडते, कारण तिथे किनार शिल्लक नसल्यामुळे धाग्याची दिशा चटकन कळत नाही. कापडाचे एक-दोन धागे ओढून काढले की ती दिशा स्पष्ट दिसते.

कोपऱ्यांचे कारण इस्त्रीत आहे. सगळ्या शिलाया एकाच बाजूला वळवल्या की ओळी जोडताना जाडीवर जाडी येते आणि प्रेशर फूट वरचे कापड पुढे ढकलतो. आपल्या रचनेत प्रत्येक शिलाई गडद कापडाकडे वळवावी. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत गडद चौरस कडेला असल्याने त्या शिलाया बाहेर वळतील, मधल्या ओळीत तो मध्ये असल्याने आत वळतील, आणि ओळी समोरासमोर ठेवल्यावर दोन्ही शिलाया एकमेकींना टेकून आपोआप बसतील. बोटांनी हा सांधा जाणवतो. तो जुळल्यावर दोन्ही बाजूंना एकेक टाचणी लावावी आणि सुई जवळ येताच ती काढावी. इस्त्री घासू नये; उचलून ठेवावी आणि दाबावी, नाहीतर चौरसाचा आकारच बदलतो.

प्रतिसाद

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे, फक्त धुण्याविषयी थोडे लिहिते. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि जुने आधीच आटलेले असते. दोन्ही न धुता एकत्र शिवली, तर गोधडी पहिल्यांदा धुतल्यावर नव्या तुकड्यांभोवती चुण्या पडतात. चुण्यांचे ते रूप काही जणांना आवडते, पण आपण कोपऱ्यांची एवढी काळजी घेत आहात, म्हणून नवे कापड कापण्यापूर्वीच धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे असे मी सुचवेन. लाल आणि गडद निळे कापड वेगळे धुवावे आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग सुटतो का ते पाहावे. कापलेले सुटे तुकडे मात्र धुऊ नयेत, त्यांच्या कडांचे धागे सुटतात. फार मऊ पडलेल्या कापडाला कापण्यापूर्वी हलकी खळ दिली, तर ते नव्या कापडाइतकेच नीट वागते. एवढी काळजी घेतली, तर दोन्ही एकत्र वापरायला हरकत नाही.

तयार ब्लॉक छाटू नयेत. छाटल्याने कडेचे चौरस मधल्यापेक्षा अरुंद होतात आणि दोन ब्लॉक शेजारी आले की तो फरक ठळक दिसतो. सर्व ब्लॉक मापून १२.२५ इंचांचे एका गटात ठेवावेत. जे जवळपास सारखे आहेत, ते मध्ये पट्ट्या घालून जोडावेत. सगळ्या पट्ट्या एकाच लांबीच्या कापून ब्लॉकची कड त्यांच्यावर टाचण्यांनी समान वाटून बसवली, की सुताभराचा फरक त्यात सामावतो. कोपरे फारच हललेले असतील, तेवढ्याच ब्लॉकच्या ओळी जोडणाऱ्या दोन शिलाया उसवाव्यात. बाकीच्या तशाच राहू द्याव्यात.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. सुईपासून प्रेशर फूटच्या कडेपर्यंतचे अंतर मोजले, ते जवळजवळ ८ मिलिमीटर भरले, म्हणजे पाव इंचाहून दीड मिलिमीटर जास्त. चिकटपट्टी लावून पट्ट्यांची चाचणी केली, तेव्हा मधली पट्टी बरोबर १ इंच आली. आता एकच शंका उरली आहे: उसवलेल्या ओळींच्या शिलाया गडद बाजूला वळवायच्या, तर आधीच्या इस्त्रीची घडी मोडेल का?

प्रतिसाद

मोडेल. घडीवर किंचित पाणी शिंपडून शिलाई आधी सपाट, न उलगडता दाबावी, मग उलगडून गडद बाजूला वळवावी आणि कापड पूर्ण थंड होईपर्यंत हलवू नये.