फोटो चांगला यायलाच हवा असं कोण म्हणालं? झाडं, पायवाटा आणि कॅमेऱ्याचे खेळ

छंद धरला की थोड्याच दिवसांत त्याची साधना होते. फोटोग्राफी म्हटली की लेन्स, बाग म्हटली की खतांचं वेळापत्रक, चालणं म्हटलं की पावलांचा आकडा. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. इथे मला ऐकायचेत ते झाडापानांत, कुंडीत, वाटेवर तुम्ही केलेले निव्वळ खेळ. लहान लिहा, मोठं लिहा, हललेल्या फोटोबद्दलही लिहा. एकच विनंती : "निसर्गाच्या सान्निध्यात मन प्रसन्न होतं" एवढ्यावर थांबू नका. नेमकं काय केलंत आणि काय दिसलं ते सांगा.

सुरुवात मीच करते. माझा खेळ कवडशांचा. दाट झाडाखाली उन्हाचे जे ठिपके पडतात ते बहुतेक गोल किंवा लंबगोल असतात. वर बघा, पानांमधल्या फटी मात्र वाकड्यातिकड्या. मग ठिपका गोल कसा? फट लहान आणि जमिनीपासून बरीच उंच असली की ती सूचिछिद्र कॅमेऱ्याचं काम करते. खाली पडते ती सूर्याची प्रतिमा. झाडाखाली उभं राहिलं की अंगाखांद्यावर शेकडो सूर्य! हे कळल्यापासून मी लोकांचे फोटो काढायचं सोडून त्यांच्या सदऱ्यांवरच्या सूर्यांचे काढते. ठिपक्याच्या आकारावरून फट किती दूर आहे तेही सांगता येतं, कारण ते अंतर ठिपक्याच्या रुंदीच्या साधारण 108 पट असतं. नऊ सेंटीमीटरचा ठिपका असेल तर किरणाच्या वाटेने दहाएक मीटरवर त्याची फट. खंडग्रास सूर्यग्रहणात तर बहार असते, सगळे ठिपके एकदम चंद्रकोरी होतात. खाली पांढरी चादर अंथरायची आणि सूर्याकडे पाठ करून बसायचं. झाड नसेल तर दोन्ही हातांची बोटं एकमेकांवर आडवी-उभी ठेवून जाळी करा, त्या भोकांमधूनही कोरी पडतात.

आता तुम्ही.

* * *

आमच्याकडे फिरायला जायचा नियम एकच : मुळाक्षरं गोळा करायची. मुलगी आणि मी झाडांत अक्षरं शोधतो, सापडलं की फोटो. काड्या मांडून अक्षर बनवायचं नाही, जसं आहे तसं सापडलं पाहिजे. फक्त फोन हवा तसा फिरवायची मुभा आहे.

आडव्या फांदीला देठाने लटकलेलं कुठलंही गोल फळ म्हणजे आयता 'ठ', शिरोरेघेसकट. तेच फळ पक्ष्यांनी एका बाजूने खाल्लेलं असेल तर 'ट'. 'र' तर पडल्या काटक्यांत पैशाला पासरी. कमळाचं पान 'ठ' म्हणून चालेल का यावर आमचं जोरदार भांडण झालं. देठ वरून यायला हवा, कमळाचा खालून येतो, असं तिचं म्हणणं. निकाल तिच्या बाजूने लागला.

खरी शिकार 'ळ'ची. त्यासाठी वेलीचे ताणे बघावे लागतात, म्हणजे आधार धरायला वेल जे हिरवे बारीक स्प्रिंगसारखे दोर सोडते ते. ते बघता बघता एक गंमत सापडली. ताण्याचं एक टोक वेलीला, दुसरं काठीला घट्ट झालं की मधला भाग पीळ घेऊ लागतो. पण दोन्ही टोकं बांधलेली, त्यामुळे सगळा पीळ एकाच दिशेने पडू शकत नाही. काही वेढे उजवीकडे, मग एक छोटा सरळ तुकडा, पुढचे वेढे डावीकडे! दोरीची दोन्ही टोकं धरून करून बघा. डार्विनने 1865 साली वेलींवर लिहिताना हे नोंदवून ठेवलंय. आम्हाला ते 'ळ'च्या नादात दिसलं. 'क्ष' आणि 'ज्ञ' अजून बाकी आहेत.

* * *

मी फार लिहीत नाही. फोन उलटा धरा. बहुतेक फोनची लेन्स वरच्या कडेला असते, उलटा केला की ती जमिनीला टेकते. मग शेवाळ्याचं जंगल होतं आणि भूछत्राचा मंडप. माझ्याकडे अंगठ्याएवढा प्लास्टिकचा डायनोसॉर आहे, तो मी पर्समध्ये घेऊन फिरते आणि त्या जंगलात सोडते. नातवंडं नाहीत. डायनोसॉर माझाच आहे, वय बावन्न. माझं, त्याचं नव्हे.

* * *

वरच्या डायनोसॉरवाल्या ताईंना सलाम. माझा प्राणी खरा होता.

गच्चीत लिंबाचं झाड आहे, कुंडीतलं. त्याच्या कोवळ्या पानावर एके दिवशी पक्ष्याची विष्ठा दिसली. पुसायला गेले तर ती सरकली. लिंबावर वाढणाऱ्या फुलपाखराची ही अळी. लहानपणी ती तपकिरी-काळी आणि मधे पांढरा पट्टा असं सोंग घेऊन बसते. विष्ठा कोण खाणार? बागकामाच्या शिस्तीप्रमाणे तिला उचलून टाकायला हवं होतं. त्याऐवजी मी तिचे पासपोर्ट फोटो काढायचं ठरवलं. मागे पांढरा पुठ्ठा धरायचा, तोंड कॅमेऱ्याकडे येईपर्यंत वाट बघायची, एक फोटो, बस.

कात टाकत टाकत ती मोठी झाली आणि शेवटच्या कातीनंतर जो फोटो आला तो ओळखपत्र नाकारण्याजोगा होता : सोंग गायब, अंग हिरवंगार, पाठीवर तिरके पट्टे, आणि पुढे फुगीर भागावर डोळ्यांसारख्या खुणा. ते डोळे खोटे. खरं डोकं त्याच्या पुढे खाली दडवलेलं असतं, म्हणजे माझे निम्मे पासपोर्ट फोटो मानेचे निघाले. एकदा पुठ्ठा तिला जरा लागला तर डोक्यामागून दोन मऊ नारिंगी शिंगं बाहेर आली, सोबत उग्र वास. शत्रूला हाकलायची ही तिची युक्ती. मला ती मिशी वाटली. तो फोटो माझा सर्वात लाडका आहे, आणि तो पूर्ण हललेला आहे.

पानं तर गेलीच. झाडाच्या एका बाजूला नुसते देठ राहिले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, झाड सांभाळतेस की अळी?" रास्त प्रश्न. पण चांगल्या वाढलेल्या झाडाला एका अळीने काही होत नाही, पालवी पुन्हा फुटते. रोपटं अगदी लहान असेल तर मात्र विचार करावा.

मग ती एका काडीवर गेली, शेपटीकडचं टोक रेशमाने चिकटवलं, कमरेभोवती रेशमाचा एक धागा घेतला आणि मागे रेलली, विजेच्या खांबावर चढलेला माणूस पट्ट्यावर रेलतो तशी. कोष झाला. कोषाचेही फोटो काढले, सगळे एकसारखे. एका सकाळी बघते तर रिकामं कवच, आणि वरच्या फांदीवर काळं-पिवळं फुलपाखरू पंख वाळवत लटकलेलं. मागे पुठ्ठा धरायची माझी हिंमत झाली नाही.

* * *

माझं मत जरा वेगळं आहे, रागावू नका. मी फिरायला जाताना फोन घरी ठेवते. फोटो काढला की "बघून झालं" असं वाटतं आणि पुढे चालू पडतो, हे मी स्वतःत पाहिलंय. याला आधारही आहे. लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी संग्रहालयात लोकांना फिरवून प्रयोग केले आणि ते 2014 मध्ये प्रसिद्ध केले. ज्या वस्तूंचा अख्खा फोटो काढला त्या लोकांना कमी आठवल्या, नुसत्या पाहिलेल्या जास्त.

माझा खेळ कानांचा आहे. एका जागी उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि प्रत्येक वेगळ्या आवाजाला एक बोट मुडपायचं. दहा बोटं पुरली नाहीत की सकाळ चांगली. आधी मोठे आवाज येतात, ते संपले की बारीक सुरू होतात. वाळकं पान फांद्यांना आपटत खाली येतं त्याचाही आवाज असतो. आधी वाटायचं पान मुकाट गळतं.

* * *

ताई, त्याच प्रयोगाचा दुसरा अर्धाही सांगायला हवा. ज्यांना वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करायला सांगितलं होतं, त्यांची आठवण कमी झाली नाही. म्हणजे सगळं खापर कॅमेऱ्यावर फोडता येत नाही, घाईघाईने अख्खं दृश्य खिशात टाकण्यावर फोडावं लागेल. अळीचा पासपोर्ट फोटो काढणारीला अळी विसरणं शक्य आहे का? बाकी बोटांचा खेळ उद्याच करून बघतो.

* * *

(मधेच सूचना, धागा मी काढला म्हणून : घरट्यांचे फोटो आलेत त्यातले काही मी उतरवले आहेत. खेळ आपला असतो, पक्ष्याचा नसतो. घरट्याजवळ जाऊ नका, आड येणारी फांदी बाजूला करू नका, फ्लॅश नको. आपण गेल्याने शिकारी पक्ष्यांनाही पत्ता कळतो. चालू द्या.)

* * *

कॅमेऱ्याशिवाय फोटो काढणारे कुणी आहेत का इथे? मी काढतो, हळदीवर.

हळद स्पिरिटमध्ये कालवायची, गाळून ते पिवळं पाणी जाड कागदावर ब्रशने फासायचं आणि कागद अंधाऱ्या जागी वाळू द्यायचा. त्यावर पान, फूल, पीस, जे सापडेल ते ठेवून वरून काच दाबायची आणि कडक उन्हात ठेवायचं. दोन-तीन तासांत उघडा भाग फिका पडतो, पानाखालचा गडद राहतो. नंतर बोरॅक्सचं पाणी फवारलं की उरलेली हळद तांबूस-तपकिरी होते आणि चित्र ठसठशीत उठतं. नेच्यासारखी पातळ, कातरलेली पानं सर्वात छान येतात. मांसल पानं नकोत, काचेखाली पाणी सोडतात. पालेभाजीच्या रसावरही होतं, पण त्याला कित्येक दिवस ऊन द्यावं लागतं आणि माझ्यात तेवढा धीर नाही.

जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने 1842 मध्ये फुलांच्या रसावर असे प्रयोग केले होते. त्याच वर्षी त्याने निळ्या छपाईची, सायनोटाइपची, पद्धत शोधली, आणि पुढच्याच वर्षी, 1843 मध्ये, अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी ती वापरून समुद्री शेवाळांचे ठसे घेतलेलं पुस्तक काढायला सुरुवात केली. फोटोंनी सजलेलं पहिलं पुस्तक तेच मानतात, आणि त्यातही कॅमेरा नव्हताच. सायनोटाइप टिकतो. हळदीचं चित्र टिकत नाही, भिंतीवर लावलं की उजेड ते हळूहळू खातो. मी ती वहीत मिटून ठेवतो, आणि पाहुण्यांना दाखवताना वही झटकन बंद करतो. त्यांना वाटतं काहीतरी गुपित आहे.

* * *

तुमच्या सगळ्यांच्या पायवाटा वाचताना मजा येतेय. मला सध्या घर सोडता येत नाही, सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत. तरी लिहिते.

त्यांच्या खाटेवरून खिडकीतून एक झाड दिसतं. मी त्यांच्या उशीच्या उंचीवरून त्याचा फोटो काढते, त्यांना जसं दिसतं तसाच. संध्याकाळी आम्ही कालचा आणि आजचा शेजारी ठेवून फरक ओळखायचा खेळ खेळतो. त्या हमखास जिंकतात, कारण दिवसभर त्या अभ्यास करतात आणि मी स्वयंपाक. "ती डावीकडची फांदी आज वाकलीय, कुणीतरी बसून गेलं," असं पंच असल्यासारखं सांगतात. रॉजर उलरिच यांनी 1984 मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या, ते इथे आठवतं. खिडकीतून झाडं दिसणाऱ्यांना विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी सोडलं गेलं आणि तीव्र वेदनाशामकं कमी लागली. आमच्याकडे बरं होण्याचा प्रश्न आता तसा राहिलेला नाही. खेळ मात्र चालू आहे, आणि मला एकदा तरी जिंकायचंय.

* * *

पहाटे टोमॅटोच्या पानांचे फोटो काढणाऱ्यांसाठी : थेंब पानभर विखुरलेले असतील तर दव. नेमके पानाच्या कडेला, दातऱ्यांच्या टोकांवर ओळीने बसले असतील तर ते रोपाने स्वतः आतून बाहेर टाकलेलं पाणी असतं. रात्री पाण्याची वाफ फारशी होत नाही आणि मुळं पाणी वर ढकलतच राहतात, म्हणून. थेंबात डोकावून फोकस केलात तर मागचं फूल उलटं दिसतं. त्याच पानावर छोटा उडी मारणारा कोळी भेटला तर बोट हळूच इकडून तिकडे न्या, तो वळून वळून बघतो. पुढचे दोन डोळे मोठे असतात, थेट लेन्समध्ये बघतो लेकाचा. माझ्या ओळखीत न लाजता फोटो देणारा तेवढाच.

* * *

तेरडा लावा आणि फोनचा स्लो मोशन सुरू करा, माझं एवढंच सांगणं. शेंग फुगून फिकट झाली की टोकाला हलकं बोट लावायचं. फाट! शेंगेच्या पाकळ्या क्षणात आतल्या बाजूला गुंडाळतात आणि बिया चौफेर उडतात. नुसत्या डोळ्यांना काहीच कळत नाही, स्लो मोशनमध्ये पाकळ्या वळताना दिसतात. आम्ही दोघं भाऊ, दोघंही निवृत्त. एक बोट लावतो, दुसरा फोन धरतो. हसण्याने फोन हलतो आणि सगळं पुन्हा. शेंगा संपल्या की फरशीच्या भेगांतून पुढच्या वर्षीची रोपं आपोआप येतात, त्यामुळे सामानाची चिंता नाही. चांगला व्हिडिओ अजून एकही नाही. ज्यांना आलाय त्यांनी फोन कशावर टेकवला ते जरा लिहा.