'पालात्सो'ला मराठीत काय म्हणावे?

सायली: इटलीतल्या सिएना शहरावरच्या लेखाचा अनुवाद करतेय. तिथल्या कारभाराच्या इमारतीला, 'पालात्सो पुब्लिको'ला मी 'सार्वजनिक राजवाडा' लिहिलं, संपादकांनी 'नगरप्रासाद' केलं. दोन्ही खटकतात. 1297 च्या सुमारास बांधकाम सुरू झालं तेव्हा सिएनात राजा नव्हताच. कारभार नऊ जणांचं मंडळ बघायचं. दर दोन महिन्यांनी मंडळ बदलायचं आणि मुदत संपेपर्यंत सदस्यांचा मुक्काम याच इमारतीत.

तात्या: मग सरळ चावडी म्हणा. आमच्या गावी तलाठी, पंच सगळे चावडीतच बसायचे.

अश्विन: तात्या, चावडीला एवढा थाट कुठला? खाली दगड, वर विटा, तीन-तीन कमानींच्या खिडक्या. 'वाडा' म्हणा. शनिवारवाड्यातूनही राज्य चालायचंच की. शिवाय वाडा 'वाट' म्हणजे कुंपणावरून आला, आणि पालात्सोच्या मुळाशी असलेला लॅटिन 'पालुस' म्हणजे कुंपणाचा खांब. कल्पना एकच!

मृदुला: ही व्युत्पत्ती ओढूनताणून आणलेली वाटते. पालात्सो ज्यावरून आला ते 'पालातिउम' हे रोममधल्या टेकडीचं नाव. सम्राट ऑगस्टस तिथे राहायचा, म्हणून सम्राटाच्या निवासाला ते चिकटलं. आता इटलीत फ्लॅटच्या बिल्डिंगलाही पालात्सोच म्हणतात.

पणजीकर: आमच्याकडे आदिलशहाच्या वाड्यात पोर्तुगीज व्हाइसरॉय राहिले, नंतर तिथे सचिवालय आलं. लोक आजही 'जुनं सचिवालय'च म्हणतात. नाव कामावरून पडतं.

तात्या: अगदी बरोबर! नऊ जणांच्या दालनात चित्रकार लोरेन्झेत्तीने 1338-39 मध्ये चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराची भित्तिचित्रं काढली. चांगल्या राज्यात छपरावर गवंडी काम करताहेत, जोड्यांचं दुकान उघडं आहे, बायका फेर धरून नाचताहेत. निर्णय घेणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कायम हे. 'प्रासाद' म्हटलं की त्यातली गावकी निघून जाते.

सायली: तात्या, पटतंय. पण लगतच्या 'तोर्रे देल मांजा'चं काय? मांजा हे तिथल्या पहिल्या घंटावाल्याचं टोपणनाव, म्हणजे कमाई खाऊन टाकणारा. 'उधळ्याचा मनोरा' लिहू?

अश्विन: मनोरा अरबी. 'स्तंभ' लिहा.

मृदुला: स्तंभ भरीव असतो. इथे आतून चारशेच्या आसपास पायऱ्या चढून वर जातात. आणि मनोरा परका कसा? माझी आजी दीपमाळेलासुद्धा मनोरा म्हणायची.

अश्विन: आजी म्हणायची म्हणून शब्द मराठी होत नाही.

तात्या: मग कशाने होतो?

पणजीकर: 'घंटाघर' चालेल का?

अश्विन: ते हिंदी.