एकाच स्विचवरचे दोन पीसी एकमेकांना पिंग का करत नाहीत?

सबनेट_शिकतेय:
तीन आठवडे पॅकेट ट्रेसरवर (नेटवर्कची नक्कल करून बघायचं सॉफ्टवेअर) राउटिंग-स्विचिंगचा सराव करतेय, आणि इथे घोडं अडलंय. एक स्विच, त्याला दोन पीसी. आयपी १९२.१६८.१.१० आणि १९२.१६८.१.१३०. दोघांचाही मास्क (आयपीचा कोणता भाग नेटवर्कचा हे सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.१२८. पिंग (समोरचा उत्तर देतो का हे बघायची हाक) होत नाही. मास्क २५५.२५५.२५५.० केला की लगेच होतो. स्विच फक्त मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) बघतो, आयपीशी त्याचं देणंघेणं नसतं, असं शिकले. मग मास्क बदलल्यावर स्विचला काय कळलं? पाठ करायला उत्तर नकोय, समजून घ्यायचंय.

जुना_ॲडमिन:
स्विचला काहीच कळलं नाही. तुमचा पिंग त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

निर्णय पीसी घेतो. पाठवण्याआधी तो स्वतःचा आणि समोरच्याचा आयपी आपल्या मास्कमधून गाळून बघतो. १२८ च्या मास्कने शेवटच्या आकड्याचे दोन वाटे पडतात: ० ते १२७ आणि १२८ ते २५५. तुमचा १० एका वाट्यात, १३० दुसऱ्यात. म्हणजे समोरचा परक्या नेटवर्कातला, त्याच्यासाठीचं पॅकेट डिफॉल्ट गेटवेकडे, म्हणजे नेटवर्काबाहेर नेणाऱ्या राउटरकडे, सोपवायचं. गेटवेची जागा तुम्ही रिकामी ठेवली असणार. मग पॅकेट पीसीच्या बाहेरच पडत नाही.

मास्कचा शेवटचा आकडा ० केलात की दोघे एका नेटवर्कात येतात. आता पीसी एआरपीची (आयपीवरून मॅक शोधायची पद्धत) हाळी देतो: १३० कोण आहे, तुझा मॅक सांग. ही हाळी सगळ्यांकडे जाते, उत्तर मात्र फक्त विचारणाऱ्याकडे येतं. स्विचचं काम इथे सुरू होतं. आलेल्या फ्रेममधला (पॅकेट ज्यात घालून पाठवतात ते पाकीट) पाठवणाऱ्याचा मॅक (हो, पाठवणाऱ्याचाच) तो पोर्टच्या नंबरासह टेबलात लिहून ठेवतो. ज्याच्यासाठी फ्रेम आहे त्याची नोंद नसेल, तर ती आली तो पोर्ट सोडून बाकी सगळीकडे पाठवतो.

पहिल्या नोकरीत एका प्रिंटरला मी चुकून हाच १२८ चा मास्क दिला होता, गेटवेही भरला नव्हता. काहींची छपाई व्हायची, काहींची नाही. मी दुपारभर केबली बदलल्या, स्विच दोनदा बंद-चालू केला. संध्याकाळी अडलेल्यांचे आयपी कागदावर मांडले, तर सगळे १२८ च्या वरचे! तेव्हापासून शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी आधी कागद-पेन्सिल देतो.

आता दुसरा स्विच घ्या, मध्ये राउटर ठेवा. त्याच्या एका पोर्टला १९२.१६८.१.१ द्या, दुसऱ्याला १९२.१६८.१.१२९, तेच पीसींचे गेटवे. मास्क परत १२८ चा. सिम्युलेशन मोडमध्ये पॅकेट उघडून बघा. राउटर ओलांडताना दोन्ही मॅक बदलतात, आयपी तेच राहतात. स्विचिंग आणि राउटिंग यांच्यातली सीमा तुम्हाला तिथे डोळ्यांनी दिसेल.

वाट_शोधक:
थोडी भर घालतो. पुढे दोन राउटर जोडाल तेव्हा स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेली वाट) दोन्हीकडे लिहा. एकाच बाजूला लिहिलात तर पिंग पलीकडे पोचतो, पण उत्तराला परतीची वाट मिळत नाही, आणि आपण भलतीकडेच चूक शोधत बसतो. ओएसपीएफ (राउटरांनी आपसांत वाटा कळवायची पद्धत) नंतर. आधी राउटिंग टेबल (राउटरकडची वाटांची यादी) वाचता आलं पाहिजे. एका पत्त्याला दोन नोंदी जुळल्या तर लांब प्रीफिक्सची (पत्त्याचे सुरुवातीचे जास्त बिट जुळणारी) नोंद वापरली जाते, /२४ पेक्षा /२६.

सबनेट_शिकतेय:
राउटर ठेवला, मॅक बदलताना पाहिले. फार आनंद झाला! पण चारपैकी पहिला पिंग हरवला, बाकी तीन आले. माझं काही चुकलं का?

जुना_ॲडमिन:
चुकलं नाही. राउटरला पलीकडच्या पीसीचा मॅक माहीत नव्हता. एआरपीचं उत्तर येईपर्यंत हातातलं पॅकेट त्याने टाकून दिलं. लगेच पुन्हा पिंग करा, चारही येतील.