मदत हवी आहे: फ्लूने ॲडमिट असलेल्या सासूबाईंना जुलाब, विषाणूमुळे की औषधांमुळे?

सासूबाई (वय ६८, शुगर आणि बीपी दोन्ही) नाशिकला ॲडमिट आहेत. स्वॅबमध्ये एच१एन१ निघाला, एक्सरेत उजव्या बाजूला न्यूमोनियाचा पॅच. ताप उतरलाय आणि छातीबद्दल डॉक्टर समाधानी आहेत. आता पोटाने छळ मांडलाय.

आल्या तेव्हा मळमळत होतं, उलटीही झाली. ते थांबलं आणि पाण्यासारखे जुलाब लागले. बेडपॅन घ्यायला संकोचतात. ऑक्सिजनची नळी काढून बाथरूमला जायचा हट्ट, आणि परत पलंगावर बसेपर्यंत बोटावरच्या मशीनचा आकडा ८८! मग सिस्टर ओरडतात, त्यांच्यावर नाही, माझ्यावर.

वन्संना डब्यातल्या मुगाच्या खिचडीचा संशय. अहो, तीच खिचडी मीही खाल्ली.

औषधं: फ्लूसाठी ओसेल्टामिविर ७५ दोन वेळा, शिरेतून अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट हे अँटिबायोटिक, शुगरची घरची मेटफॉर्मिन चालूच. फ्लूमध्ये पोट एवढं बिघडतं का? मेडिकलमधून जुलाब बंद करायची गोळी आणून दिली तर चालेल? राउंडला डॉक्टर दोन मिनिटं थांबतात, तेवढ्यात नेमकं काय विचारू?

प्रतिसाद १
ताई, गोळी परस्पर अजिबात देऊ नका. मी वॉर्डात नोकरी केली आहे, म्हणून सांगते.

फ्लूमध्ये पोट बिघडतं. मुलांमध्ये जास्त, पण २००९च्या साथीत एच१एन१च्या मोठ्या रुग्णांनाही उलट्या-जुलाब व्हायचे. कोविडचा विषाणू पेशीत शिरायला जे एसीई२ नावाचं प्रथिन धरतो ते लहान आतड्यात भरपूर असतं, त्यामुळे कोविडमध्येही हेच दिसलं. पण तुमच्याकडे मळमळ आधी आणि जुलाब नंतर, म्हणून मी आधी औषधांकडे बघेन. ओसेल्टामिविरने मळमळ-उलटी होते, खाल्ल्यावर घेतली तर कमी होते. क्लॅव्ह्युलॅनेटने जुलाब ही नेहमीची गोष्ट. मेटफॉर्मिननेही होतात, आणि अंगातलं पाणी कमी झालं की किडनीच्या दृष्टीने ती चालू ठेवणं बरं नाही.

डॉक्टरांना एवढंच विचारा: क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि पोटॅशियम किती? मेटफॉर्मिन थांबवायची का? बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का? शौच क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसाठी तपासायचं का? अँटिबायोटिकनंतर हा जंतू आतड्यात माजतो, आणि तो असेल तर जुलाब दाबणारी गोळी अंगाशी येऊ शकते. त्याचे बीजाणू सॅनिटायझरने मरत नाहीत, म्हणून हात साबणाने धुवा.

किती वेळा झालं, रक्त किंवा आव होती का, लघवी किती, हे वेळेसकट कागदावर लिहून ठेवा. तोंडी सांगितलेलं राउंडमध्ये विरून जातं. ओआरएस द्यायचं का ते विचारा, आणि दिलं तर ताठ बसवून घोट घोट. धाप लागलेली असताना आडवं पाजलं तर ठसका लागतो. बाथरूमऐवजी पलंगाशेजारी कमोडची खुर्ची मागा.

प्रतिसाद २
माझ्या वडिलांचं पोट बायपॅपवर (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) असताना टम्म फुगायचं. मास्कची हवा पोटात जाते म्हणाले. तुमच्याकडे बायपॅप नाही ना?

धागाकर्ती
नाही, फक्त नाकात नळी. ताई, कागदाचा उपयोग झाला, डॉक्टरांनी उभ्या उभ्या पूर्ण वाचला. पोटॅशियम कमी, ३.१ आलं, ते सलाईनमधून देताहेत. मेटफॉर्मिन बंद, इन्सुलिन सुरू. कमोडची खुर्चीही मिळाली, त्यावर बसायला मात्र वन्संनीच राजी केलं. शौचाचा नमुना उद्या सकाळी द्यायचाय. डबी लॅबचीच लागते का, आणि पहाटे घेतलेला नमुना लॅब उघडेपर्यंत कुठे ठेवायचा?