कोडावरचं पेशीरोपण: कातडी किती लागते, कुठे फसतं?

प्रश्न
मानेच्या एका बाजूला कोडाचा डाग आहे, साधारण ६ × १० सेंमी. दीड वर्षात वाढलेला नाही. मलम आणि यूव्हीबी (अतिनील) किरण घेऊनही रंग आला नाही, डागावरचे केसही पांढरे झालेत. पेशीरोपण सुचवलंय. त्यात नेमकं काय करतात? जिथली कातडी काढतात तिथेच नवा डाग पडला तर?

उत्तर १
एकाच बाजूचा, थांबलेला डाग या शस्त्रक्रियेला सगळ्यात चांगला प्रतिसाद देतो. केस पांढरे म्हणजे केसांच्या मुळांतला रंगपेशींचा साठाच संपलाय, म्हणून औषधांचा उपयोग झाला नाही. पेशीरोपणात चांगल्या कातडीतल्या रंगपेशी सुट्या करून डागावर पसरतात. त्यासाठी मांडीचा भाग बधिर करून अगदी पातळ कातडी काढतात, डागाच्या पाचव्या ते दहाव्या हिश्श्याएवढी. तुमच्या ६० चौ. सेंमी.ला ६ ते १२ पुरेल. ती ०.२५ टक्के ट्रिप्सिनमध्ये (पेशी सुट्या करणारं विकर) ३७ अंशांवर अर्धा-पाऊण तास ठेवली की वरचा थर चिमट्याने सुटतो. जास्त वेळ राहिली तर पेशी मरतात. पुढे ट्रिप्सिन धुऊन, सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात गरगर फिरवून) तळाशी बसलेला पेशींचा तपकिरी गोळा थोड्याशाच द्रवात कालवायचा. द्रव पातळ झाला तर मानेवरून ओघळतोच.

उत्तर २
खरं कसब पेशी लावण्याआधी डागाचा वरचा थर घासून काढण्यात आहे. टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसले की हात थांबलाच पाहिजे. कमी घासलं तर पेशी रुजत नाहीत, खोल गेलं तर व्रण राहतो. पेशींचा द्रव पसरून वर कोलॅजनचा पापुद्रा आणि व्हॅसलीनची जाळी लावतात. मान सारखी हलते, त्यामुळे ड्रेसिंग सरकतं; पहिले दोन-तीन दिवस मान वळवणं टाळाच. आठवड्याने ड्रेसिंग निघालं की खाली नुसती गुलाबी कातडी दिसेल. घाबरू नका. रंग तीन-चार आठवड्यांनी डोकावू लागतो आणि सहा महिन्यांपर्यंत भरत राहतो. सुरुवातीला तो जरा गडदही दिसतो.

उत्तर ३
मांडीची जखम एक-दोन आठवड्यांत भरते, थोडा काळसर किंवा फिकट ठसा राहू शकतो. तिथे कोड उठलं तर आजार आतून चालू आहे असं समजायचं. म्हणून निदान वर्षभर डाग वाढलेला नको, नवा आलेला नको आणि खरचटल्या जागी पांढरं पडलेलंही नको. जुने फोटो शेजारी ठेवून बघा, आठवणीवर विसंबू नका. तरीही शंका असेल तर डागात १ ते १.५ मिमीचे चार-पाच पंच ग्राफ्ट (चांगल्या कातडीचे गोल तुकडे) लावून तीन महिने वाट बघायला सांगा. भोवती रंग पसरला तरच पुढे जा.