मदत हवी आहे : रोड होल अवघड की ऑगस्टाचं बारावं?

रविवारी इथं राजारामपुरीत मित्रांसमोर गोल्फवर बोलायचंय आणि एका तुलनेत अडलोय. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज मैदानाचं सतरावं होल, म्हणजे रोड होल (पार ४, म्हणजे चार फटके अपेक्षित; ४९५ यार्ड), अवघड की अमेरिकेतल्या ऑगस्टा मैदानाचं बारावं (पार ३, १५५ यार्ड)?

पारपेक्षा सरासरी किती फटके जास्त लागतात, ते वहीत मांडलं. रोड होलच वरचढ ठरतं. पण मन मानत नाही. बाराव्यावर चेंडू रेज क्रीक या ओढ्यात गेले आणि २०१६ मध्ये जॉर्डन स्पीथला ७, २०२० मध्ये टायगर वूड्सला चक्क १० फटके लागले! ही धास्ती सरासरीत दिसतच नाही.

वारा आणि झेंड्याची जागा रोज बदलते, ते धरलंय. आम्ही कुणी खेळत नाही, फक्त टीव्हीवर बघतो; त्यामुळे स्वानुभव नको, मोजमाप हवं. वेगवेगळ्या पारची होल्स तोलताना डबल बोगी (पारपेक्षा दोन फटके जास्त) किंवा त्याहून वाईट स्कोअरचं प्रमाण धरावं, की आणखी काही?