युनचान लिम कुणी ऐकला का?

ताई: काल ग्रुपवर लिंक टाकली होती, कुणी ऐकलं का? युनचान लिम, दक्षिण कोरियाचा पियानोवादक. २०२२ मध्ये अमेरिकेत फोर्ट वर्थला व्हॅन क्लायबर्न पियानो स्पर्धा जिंकला तेव्हा जेमतेम १८ वर्षांचा होता. त्या स्पर्धेचा सर्वांत तरुण विजेता.

काका: ऐकला. रॅखमनिनॉव्ह या रशियन संगीतकाराचा तिसरा कॉन्चेर्टो ना, पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना? बोटं दिसेनाशी होतात. पण खरं सांगू का, नुसत्या वेगाने माझं मन भरत नाही.

ताई: काका, मग फक्त सुरुवात परत ऐका. मागे ऑर्केस्ट्रा अगदी हळू, आणि पियानोवर दोन्ही हात एकच साधी चाल वाजवतात, एका सप्तकाच्या अंतराने. त्यात अवघड काही नाही. पुढे चाळीसेक मिनिटं अक्षरशः घाम काढणारं वादन आहे, पण त्याची कुठलीही घाई त्या पहिल्या चालीत नाही. मला तो तिथेच आवडला.

दादा: त्याच स्पर्धेच्या उपांत्य फेरीत त्याने फ्रांझ लिस्ट या संगीतकाराचे बाराही ट्रान्सेंडेंटल एट्यूड, म्हणजे कौशल्याचा कस लावणाऱ्या छोट्या रचना, सलग वाजवलेत. तासाभराचा ऐवज! स्पर्धेत एवढी जोखीम कोण घेतं?

मावशी: माझं अडतं ते मींडेपाशी, एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाण्यापाशी. हातोडी तारेवर पडली की पियानोचा सूर विरायलाच लागतो. तो वाढवता येत नाही, ओढता येत नाही. गळ्याची सवय असलेल्या कानाला ते तुटक लागतं गं.

ताई: मावशी, अगदी बरोबर बोललीस, आणि युनचानची खरी कला तिथेच आहे. शोपँ या संगीतकाराच्या ओपस २५ या संचातला सातवा एट्यूड ऐक. सुरुवातीला डावा हात एकटाच गातो, चेलोसारखा, म्हणजे खर्जातल्या मोठ्या व्हायोलिनसारखा. आधीचा सूर विरता विरता जेवढा उरलाय, त्याला धरूनच पुढचा सूर अलगद ठेवायचा. जरा जोर जास्त झाला की सांधा दिसतो. नीट जमलं की कानाला मींडेचा भास होतो. त्या पहिल्या काही सुरांवर आपण सात-सात तास घालवल्याचं त्याने मुलाखतीत सांगितलंय. पहिला सूर काळजाला भिडला तरच दुसऱ्याकडे जायचं, मग दोन्ही जोडायचे.

मावशी: हा तर रियाजच झाला. ऐकते आता.

वहिनी: पण या वयात शरीरावर केवढा ताण! हात दुखावल्यामुळे २०२४ मध्ये त्याचे काही कार्यक्रम रद्द झाले होते ना? वाचून फार वाईट वाटलं. जिंकल्यावर या मुलांच्या तारखा लगेच भरून टाकतात, विश्रांती कुणी देतच नाही.

ताई: हो वहिनी, मलाही तीच काळजी वाटते. पण एक गोष्ट बरी आहे. एवढं नाव झाल्यावरही त्याने शिकणं सोडलं नाही. त्याचे गुरू मिनसू सोन बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कन्झर्व्हेटरीत शिकवायला गेले, तर हाही त्यांच्या मागोमाग तिथे गेला.

काका: सुरुवात परत ऐकली. तू म्हणतेस ते पटलं. पहिल्यांदा मी बोटांकडेच बघत बसलो होतो, या वेळी स्क्रीन बंद ठेवली.

मावशी: तो सातवा एट्यूड पाठव गं. आणि एकच पाठव, एकदम दहा नकोत.

ताई: पाठवला. हेडफोन लाव मावशी, मोबाईलच्या स्पीकरवर डावा हात ऐकूच येत नाही.